दाजींचा बटमोगरा आणि काळी बाहुली

सातारा,
शिमग्याच्या आधीचा शुक्रवार

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या चरणी क्षमाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे यंदा टेकत नाहीत, तेवढे वजा धरून घ्यावेत.)

तुमची तब्येत बरी असेलच. पुण्याचं पाणी मानवलं का? ज्ञानदाची कंबर रोज शेकता ना? बाळी रात्री झोपते, की आजीवर गेलीय? (तिकडच्या आजीवर म्हणायचं होतं मला, गैरसमज नको.) इकडं आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमच्या भावाची साखर ताब्यात आहे आणि जीभ नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखंच. तुमच्याशिवाय घर अगदी खायला उठतं हो. वरच्या मजल्यावरून सकाळी सकाळी "क्षमाऽ, दूध उतू चाललंय" अशी हाक येत नाही, त्यामुळं दूध रोज उतू जातंय. शिमग्याला येते म्हणालात, पण त्याच्या आधी येता आलं तर आधी या, मी वाटेकडं डोळे लावून बसलेय. आता तुम्ही म्हणाल, रोज दिवेलागणीला फोनवर एकमेकींची तोंडं बघतो, मग हे पत्राचं खूळ कुठून काढलंस? खरं सांगू का वन्सं, फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते मधे तुटलं तर पुन्हा जोडायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून हे पत्र ह्यांच्याच हाती पाठवतेय. तुमचं वाचून होईपर्यंत आपण गॅलरीत उभे राहणार, असं ते आत्ताच सांगून मोकळे झालेत. चहा तिथंच द्यावा.

तर तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलात आणि पाठोपाठ आपल्या साताऱ्यात सातारा-सांगली विभागाचं 'घर, अंगण, बाग' प्रदर्शन भरलं. भलामोठा मांडव, त्यात फरशा, सोफे, पाण्याच्या टाक्या, झोपाळे, शिवाय रोज तज्ज्ञांची व्याख्यानं आणि कार्यशाळा, आणि शेवटच्या दिवशी कुंडीतल्या झाडांची स्पर्धा. मी जाणारही नव्हते. पण शेजारच्या रंगूकाकू कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडून कोण भाग घेणार गं, तुमच्याकडं तसं दाखवण्याजोगं काही नाही म्हणा. वन्सं, माझ्या डोक्यात तिडीकच गेली! आपल्याकडं काही नाही? आपल्याकडं दाजींचा बटमोगरा आहे! दाजींनी मिरजेहून ते रोप आणताना एसटीत मिळालेली एकुलती एक जागा कुंडीला दिली आणि आपण साताऱ्यापर्यंत उभे राहिले, ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की मला आता माझ्याच नवऱ्यानं ते केल्यासारखं वाटतं. (माझ्या नवऱ्यानं कधी कुंडीला जागा दिली नसती, मलाही दिली नसती.) दर संक्रांतीला दाजी स्वतः त्याला कात्री लावायचे. ते गेले, आणि त्यांच्या हातची शेवटची छाटलेली फांदी तुम्ही लाल दोरा बांधून झाडावर तशीच ठेवलीत. त्यानंतर झाडाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, हा तुमचा कायदा. फूल तेव्हापासून एकही आलं नाही हे खरं, पण पानं काय होती वन्सं! खालची कुंडी दिसत नव्हती. म्हटलं, तुम्ही परत याल तेव्हा दारात पहिल्या नंबरची ढाल ठेवू. तुम्ही निघताना बजावून गेला होतात की रोज दीड तांब्या पाणी, गुरुवारी ताकाचं पाणी, आणि कात्री जवळ दिसली तर हात मोडीन. मी म्हटलं, ह्यात प्रदर्शनाचा काही उल्लेख नाही.

हे नको नको म्हणत होते, ते मी ऐकलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते. (नाहीतर गॅलरीतून तेच ओरडून सांगतील.) गाडीत पुढच्या सीटवर मोगरा बसला, त्याला पट्टा लावला, मागं मी बसले. तिथं उतरल्यावर बघते तर बायकांची ही गर्दी, आणि जी ती आपल्या झाडाकडं डोळे फाडून बघतेय. एक तर "अगं बाई, काय पान आहे!" असं तीनदा म्हणाली. म्हटलं, लागली आता दृष्ट. मी तयारीनिशीच गेले होते म्हणा. पर्समधून लिंबू-मिरची काढली, काळी बाहुली काढली, दोन्ही दाजींच्या फांदीला लटकवली. तरी मन मानेना. कुंडीवर स्पर्धेचा नंबर आणि तुमचं नाव लिहिलेला पुठ्ठा होता. म्हटलं, ज्याला त्याला कळणार झाड कुणाचं, आणि दृष्ट लागायची ती तुम्हाला लागणार, तीही परगावी, बाळंतिणीच्या घरात. मी तो पुठ्ठा मातीत पार खोल खुपसून टाकला. वर स्पर्धेच्या टेबलावर ऊन येत होतं, तुम्ही ऊन लागू देऊ नको म्हणता, म्हणून कुंडी उचलून कार्यशाळेच्या मांडवाच्या दाराशी सावलीत ठेवली. बघा, किती काळजी घेतली मी. सगळा घोळ त्या काळजीनंच झाला.

परीक्षक दुपारनंतर येणार होते, तोवर आम्ही व्याख्यानं ऐकत बसलो. पहिलं व्याख्यान 'भिंतींना येणारी ओल' ह्यावर होतं. तुमच्या भावानं जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यांना पाणी म्हटलं की राहवत नाही. ते प्रश्न विचारायला म्हणून उठले आणि इतका वेळ विचारत राहिले की व्याख्याता खाली बसला आणि लोकांनी टाळ्या ह्यांना दिल्या. दुसरं 'पसारा आवरा' म्हणून. सांगलीचा एक तरणा पोरगा, कानात डूल, तो म्हणाला की जी वस्तू वर्षभरात उपयोगी पडली नाही ती निर्दयपणे घराबाहेर काढा. मांडवातल्या समस्त बायकांनी एकदम आपापल्या नवऱ्याकडं बघितलं. मीही बघितलं. हे वडापाव खात होते.

आणि मग ती कार्यशाळा. 'एका काडीतून बाग.' शिकवणारे होते तासगावकडचे सयाजीराव, मोठे द्राक्षबागायतदार. पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी, आणि कमरेला कात्री अशी अडकवलेली की फौजदारानं बघून लाजावं. द्राक्षवाल्यांचं तुम्हाला माहीत आहे, वर्षातून दोनदा बाग छाटल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. हा माणूस बोलताना मांडवाच्या बांबूकडं बघायचा तेही कुठून कापावा अशा नजरेनं. सुरुवात झाली, आणि कळलं की प्रत्येकीला द्यायच्या काड्यांचा भाराच आलेला नाही. टेम्पो मांडवाच्या दारात बाकीचं सामान टाकून काड्यांसकट रहिमतपूरला निघून गेला होता. सयाजीराव भडकले, "काड्या न्हाईत? मग काय मी हवेत छाटून दावू?" व्यवस्थेला राजनंदिनी म्हणून एक चुणचुणीत बाई होती, गळ्यात माइक. ती म्हणाली, थांबा, आणते कुठून तरी, आणि पदर खोचून बाहेर पळाली. पाच मिनिटांत ओटीभर हिरव्यागार काड्या घेऊन हजर! माझ्या शेजारी रहिमतपूरच्या हरणाबाई बसल्या होत्या, त्या काडी हुंगून म्हणाल्या, लय ताजी हाय, कुणाचं झाड हाय कुणास ठावं. वन्सं, आता मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, अहो काही बायका झाडं नुसती मिरवायला ठेवतात, चार काड्या गेल्या तर काय बिघडलं त्यांचं?

मग आम्ही रंगलोच. तिरका काप घ्यायचा, खालची पानं काढायची, टोकाला कोरफडीचा गर लावायचा आणि काडी पिशवीतल्या मातीत खोचायची. माझा काप बघून सयाजीराव म्हणाले, "ह्या ताईंचा हात बेस हाय." मला तर चेवच आला. माझ्या दोन काड्या झाल्या, तिसरी मागितली, तर संपल्या. मागं बसलेल्या बायकांना एकही मिळाली नव्हती, त्या कुरकुरायला लागल्या. तेव्हा भर मांडवात हात वर करून कोण म्हणालं की अहो राजनंदिनीताई, अजून आणा की, इतकं घसघशीत झाड आहे तर कंजूषपणा कशाला? मी. मीच म्हणाले. ती बिचारी पुन्हा गेली आणि पुन्हा ओटी भरून घेऊन आली, आणि त्यातल्या चार मी घेतल्या.

बाहेर आले. दाराशी कुंडी होती. कुंडीत खुंट होते. एक लाल दोऱ्याची फांदी तेवढी उभी होती (राजनंदिनीला वाटलं, कुणाचा तरी नवस आहे, म्हणून ती तिनं सोडली), आणि तिच्यावर काळी बाहुली आणि लिंबू-मिरची अगदी सुखरूप लोंबत होती. मी तिथंच बोंब ठोकली. राजनंदिनी धावत आली, तिला रडूच फुटलं. ती म्हणत होती, काकू, ना नंबर ना नाव, कार्यशाळेच्या दारात ठेवलेलं, मला वाटलं प्रात्यक्षिकासाठीच कुणी आणून ठेवलंय. तिला काय बोलू? नाव मीच पुरलेलं.

तेवढ्यात सयाजीराव बाहेर आले. मला वाटलं, हा माणूस आता हळहळेल. कुठलं हळहळतोय! कुंडीभोवती फिरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "लय झ्याक छाटलंय. शेवटचं फूल कवा आलं हुतं ह्येला?" मी म्हटलं, आमचे दाजी गेल्यापासून नाही. पाणी? म्हटलं रोज, शिवाय गुरुवारी ताक. तर कपाळावर हात मारून म्हणाला, "आवं, लाडावून ठिवलंय तुमी. भरल्या पोटी मोगरा फुलत न्हाई." आणि कात्री उपसून थेट लाल दोऱ्याच्या फांदीला भिडला की! म्हणे हीच अडून बसलीया. वन्सं, मी कुंडीवर आडवी पडले. भर प्रदर्शनात, नव्या इरकलीसकट. आणि पडल्या पडल्या त्याला सगळं सांगितलं, एसटीतली जागा, दर संक्रांतीची छाटणी, तुमचा दोरा, सगळं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग कात्री माझ्या हातात देऊन म्हणाला, "मग मी न्हाई कापत. तुमी कापा, निस्ता शेंडा. त्या धन्यानं दर साली कात्री लावली, ती झाडाचं भलं व्हावं म्हणूनच न्हवं?" हे मागं उभे होते, त्यांच्याकडं बघितलं तर ते आभाळाकडं बघत होते. वन्सं, बाकीचं सगळं लोकांनी केलं, पण दाजींच्या फांदीचा बोटभर शेंडा मी कापला, माझ्या हातानं, उघड्या डोळ्यांनी. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. राजनंदिनीला नको, आणि ह्यांना तर नकोच, ते आधीच अर्धे झालेत.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मला विचारा. सयाजीराव सांगून गेले होते की आता पाणी तोडा, उन्हात ठेवा, आणि पाडव्यापत्तूर कळी न्हाई आली तर माझी मिशी छाटा. इकडं रोज दिवेलागणीला तुमचा फोन, आणि पहिलं वाक्य, मोगरा दाखव. पहिले दोन दिवस मी रेंज नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी फोन इतका हलवून दाखवला की तुम्हाला चक्कर आली. शेवटी रंगूकाकूंच्या पाया पडले. भिंतीवरून हात लांब करून मी रोज तुम्हाला त्यांचा मोगरा दाखवला हो वन्सं. तुम्ही एकदा म्हणालातही की पानं जरा बारीक वाटतात गं, तर मी म्हटलं, पुण्याहून लांबून तशीच दिसणार. ह्या मेहेरबानीपायी रंगूकाकूंना रोज भाजणीचं थालीपीठ गेलं, वर "आमच्याकडं दाखवण्याजोगं आहे म्हणून तुमचं निभावतंय" हे ऐकून घेतलं.

आणि मग परवाची संध्याकाळ. तुम्ही म्हणालात, क्षमा, फोन झाडापाशी ठेव आणि तू जरा आत जा. मी फोन भिंतीवर ठेवला, पण आत गेले नाही. तुम्ही बोलायला लागलात. बाळीला दाजींसारखी हनुवटीवर खळी आहे, ते सांगितलंत. ज्ञानदा रागावली की अगदी त्यांच्यासारखी गप्प बसते, ते सांगितलंत. मग म्हणालात, इथं सगळे फार चांगले आहेत हो, पण दिवसभरात तुमचं नाव घ्यायला कुणी नाही. वन्सं, तुम्ही हे रंगूकाकूंच्या मोगऱ्याला सांगत होतात. मला इतकं रडू आलं की तोंडात पदर कोंबला. भिंतीपलीकडं रंगूकाकूही डोळे पुसत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी थालीपीठ घेतलं नाही. म्हणाल्या, आता खरं काय ते सांगून टाक बाई, मला नाही सोसवत. म्हणून हे पत्र. तुम्ही रागवा, बोलणं टाका, वरच्या जिन्याला कुलूप लावा, पण तुमच्या मनातलं दुसऱ्याच्या कुंडीला सांगितलं जातंय हे मला बघवेना. मोगरा तुमचा होता आणि तो माझ्यामुळं गेला. मला माफ करा, असं लिहायला हवं, पण ते तोंडावर येऊन म्हणेन.

ज्ञानदाला आशीर्वाद, बाळीचा पापा. गुळपोळ्यांचा डबा ह्यांच्या पिशवीत तळाशी आहे, त्यांनी वाटेत उघडला नसेल तर.

तुमची (अजून असेन तर) भावजय,
क्षमा

ता. क. वर 'लवकर या' असं लिहिलंय ते मनापासूनच लिहिलंय, पण वन्सं, खरी विनंती ही आहे की पाडव्याच्या आत येऊ नका. खुंटांना उंदराच्या कानाएवढी पानं फुटलीत, पण तुम्हाला झाड म्हणून दाखवावं असं अजून काही नाही. ज्ञानदाला म्हणा, माझा गुडघा दुखतोय, इतक्यात प्रवास नको. दुखतोच आहे, खोटंही होणार नाही.

ता. क. २. स्पर्धेचं सांगायचं राहिलं. परीक्षकांनी मातीतला पुठ्ठा उकरून काढला आणि 'उत्कृष्ट छाटणी' म्हणून तुमच्या नावाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. बक्षीस म्हणून पाणी घालायची झारी मिळाली. मी ती माळ्यावर लपवून ठेवली आहे. रंगूकाकूंच्या झाडाला काहीही मिळालं नाही. (हे वाईट बातमीत गोडाला.)

ता. क. ३. ह्यांच्या हातातली पिशवी उघडून बघा. त्यात मातीची छोटी थैली आहे. सगळ्या बायकांच्या काड्या जास्त पाणी घालून कुजल्या म्हणे, हरणाबाईंचा फोन होता. माझ्याही कुजल्या. दाजींच्या फांदीचा शेंडा मी घरी आणून खोचला होता, तो तेवढा लागला, त्याला तीन पानं आहेत. तो तुमच्या उशाशी खिडकीत ठेवा. जे बोलायचं ते आता त्याच्याशी बोला, तो घरचा आहे.

ता. क. ४. शनिवार, पहाट. ह्यांनी चपला घातल्यात, रिक्षा दारात आहे, आणि मी पुन्हा पत्र उघडलंय. पहिला ता. क. खोडा! मी आत्ता गच्चीवर गेले होते. लाल दोऱ्याच्या वर, मी कापलं तिथून जो नवा फुटवा आलाय, त्यावर कळ्या आहेत. वन्सं, दाजींच्या फांदीवर! किती ते मोजलं नाही, दृष्ट लागेल. सयाजीरावांची मिशी वाचली. काळी बाहुली मी परत बांधली आहे, पण ह्या वेळी पुठ्ठा वर खोचलाय, आणि त्यावर तुमच्या नावाशेजारी दाजींचं नाव लिहिलंय, लागू दे कुणाची दृष्ट लागायची ती. गुडघा राहू दे, ज्ञानदा राहू दे, ह्यांच्याच बरोबर परतीच्या गाडीनं निघून या. कळ्या दोन-चार दिवसांत उमलतील, आणि उमलल्यावर त्यांच्याशी काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही.